रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे : कामगारांच्या शब्दाला वाट देणारा पुरुष

रविवारची सुट्टी आज आपल्या घरोघर इतकी अंगवळणी पडली आहे की, ती कोणी कधी मागून घेतली असेल असा विचारही मनात येत नाही. सूर्य जसा उगवतो तसा रविवारही आपोआप येतो, अशीच आपली समजूत असते. वस्तुतः मुंबईच्या गिरणीकामगारास ही सुट्टी १० जून १८९० रोजी मान्य झाली, आणि त्यापूर्वी सहा वर्षे एका गृहस्थाने तिच्यासाठी सभा भरविल्या, सह्या गोळा केल्या, अर्ज लिहिले आणि एक वर्तमानपत्र नेटाने चालविले. रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे हे ते गृहस्थ होत. आपल्या संघाच्या सभासद कुटुंबांपैकी कित्येकांच्या आज्या-पणज्यांचा दिवस याच गिरण्यांच्या भोंग्यावर सुरू होई आणि भोंग्यावरच संपे. तेव्हा या स्मरणिकेत लोखंडे यांचे पुण्यस्मरण करणे हे आम्ही आपले कर्तव्य समजतो.

कामगारांचे आद्य पुढारी म्हणून त्यांचे नाव घेण्याची रीत आहे व ती योग्यच आहे. आम्ही मात्र त्यांच्या कार्याच्या एका विशिष्ट अंगाकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. जेथे शेकडो माणसे एका छपराखाली काम करतात, तेथील रीतिभाती, तेथील भय आणि तेथील विश्वास ही सर्व एका गोष्टीवर अवलंबून असतात : कोणाचा शब्द कोणापर्यंत पोहोचतो. गिरणीत शब्द वरून खाली येत होता. खालून वर जाण्यास त्यास वाट नव्हती. लोखंड्यांनी ती वाट पाडली. त्यांच्या आयुष्याची उत्तम वर्षे या एका कामी खर्ची पडली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

बालपण आणि नोकरी

नारायणरावांचा जन्म १८४८ साली ठाणे येथे माळी समाजातील एका गरीब कुटुंबात झाला. घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातील कन्हेरसरचे. ठाण्यासच त्यांचे मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण झाले. पुढे शिकण्याची ऐपत नव्हती, म्हणून त्यांनी नोकरी धरली. प्रथम रेल्वेत, नंतर टपाल खात्यात आणि त्यानंतर मुंबईस मांडवी येथील एका कापडगिरणीत स्टोअरकीपर म्हणून, असा त्यांच्या नोकरीचा क्रम आहे.

या तीन नोकऱ्यांचा योग आम्हांस अर्थपूर्ण वाटतो. टपाल खात्यात पाकिटावर तिकीट असले म्हणजे पुरे. पत्र लिहिणारा कोण, कोणत्या जातीचा, किती पगाराचा, हे कोणी विचारीत नाही, आणि पत्र ज्याचे त्यास पोहोचते. गिरणीत याच्या अगदी उलट. तेथे मनुष्याचे म्हणणे त्याच्या पायरीवरच अडून राही. स्टोअरकीपरची जागा मोठी चमत्कारिक असते. कचेरीतील हिशेब त्यास ठाऊक, आणि खात्याखात्यांतून सामान मागावयास येणारी माणसेही त्याच्या ओळखीची. कचेरीत काय बोलले जाते व साच्यांपाशी काय सोसले जाते, हे दोन्ही पाहावयास मिळेल अशी जागा गिरणीत फार थोड्यांची असे. लोखंडे त्या थोड्यांपैकी एक होते.

त्या काळची गिरणी

मुंबईतील पहिल्या कापडगिरणीची स्थापना कावसजी दावर यांनी १८५४ साली केली आणि १८५६ साली ती प्रत्यक्ष चालू झाली. पुढील तीस वर्षांत ताडदेव, भायखळा, परळ या भागांत धुराड्यांची रांगच उभी राहिली. रत्नागिरी, सातारा, पुणे अशा जिल्ह्यांतील शेतकरी व कारागीर पोटासाठी येथे आले.

गिरणीत विजेचे दिवे नव्हते. उजाडले की यंत्र चालू आणि मावळले की बंद, हाच कामाचा नियम असल्याने दिवस जितका मोठा तितकी मजुरी दीर्घ. उन्हाळ्यात तेरा-चौदा तास माणूस यंत्रापाशी उभा राही. जेवणास ठराविक वेळ नव्हती. पगार महिना संपल्यावर बऱ्याच दिवसांनी हाती पडे, त्यातून दंड कापला जाई. यंत्रात हात सापडून माणूस निकामी झाला, तर त्याच्या निर्वाहाची जबाबदारी कोणावरच नसे. बायका आणि लहान मुलेही याच खात्यांतून राबत.

या हालांची वर्णने पुष्कळांनी केली आहेत. ते इतकी वर्षे निमूटपणे कसे चालले, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतो. गिरणीचे मालक बहुधा पारशी, भाटिये वा गुजराती. मॅनेजर पुष्कळ ठिकाणी लँकेशायरहून आलेला साहेब. कामगार मराठी बोलणारा आणि बहुतांशी निरक्षर. या दोहोंमध्ये एकच दुवा होता, तो म्हणजे जॉबर. माणसे कामावर घेणारा तोच, काढणारा तोच, कामावर घेताना दस्तुरी घेणाराही पुष्कळदा तोच. साहेबाचा हुकूम त्याच्या तोंडून खाली येई आणि खालची तक्रार वर न्यावयाची ती त्यानेच. आता ज्या तक्रारीत त्याची स्वतःचीच दस्तुरी गुंतलेली, ती तो वर कशास नेईल ?

अशा व्यवस्थेतून एक विशिष्ट वळण तयार झाले. कामगारास बोलता येत नव्हते, म्हणून तो न बोलता निघून जाई. आज एका गिरणीत, उद्या दुसऱ्या. सुगीस वा सणास गावी गेला तो केव्हा परतेल याचा नेम नसे. मालकांना यात आळस व बेपर्वाई दिसे. आमचे मजूर समाधानी आहेत, त्यांना नियम नकोत, असे ते चौकशीपुढे सांगत. आणि आपल्या परीने ते प्रामाणिकही असतील, कारण त्यांच्या कानावर दुसरे काही येतच नव्हते. दोन्ही बाजूंचा एकमेकांविषयीचा हा गैरसमज ही गिरणीची जणू रीतच होऊन बसली.

दीनबंधू

२४ सप्टेंबर १८७३ रोजी महात्मा जोतीराव फुले यांनी पुण्यास सत्यशोधक समाजाची स्थापना केली. लोखंडे त्या कार्यात जोतीरावांचे निष्ठावंत सहकारी झाले. या चळवळीचे मुखपत्र म्हणून कृष्णराव भालेकर यांनी १८७७ साली पुण्यास दीनबंधू हे साप्ताहिक काढले होते. पैशाच्या ओढाताणीने ते बंद पडण्याच्या बेतास आले, तेव्हा १८८० साली लोखंड्यांनी ते मुंबईस आणले. गिरणीतील कायमची नोकरी सोडून त्यांनी हा तोट्याचा व्यवहार पत्करला. संसारी मनुष्यास ही गोष्ट किती कठीण, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको.

दीनबंधूने शेतकरी व कामगार यांची सुखदुःखे छापावयास आरंभ केला. आजवर चाळीतल्या जिन्यात वा पाणवठ्यावर बोलली जाणारी गोष्ट छापील अक्षरांत उतरली, की तिचे स्वरूप पालटते. ती एकाची कुरकुर राहत नाही. दुसऱ्या खात्यातील मनुष्यास कळते की, आपल्यासारखेच त्याचेही आहे. आणि कचेरीतील मनुष्यासही ती वाचल्यावर आपण ऐकली नाही असे म्हणता येत नाही. त्या काळी कामगारांत अक्षरओळख थोडी; पण अशा समाजात वर्तमानपत्र डोळ्यांपेक्षा कानांनीच अधिक वाचले जाते, हेही ध्यानात ठेविले पाहिजे.

१८८४ : साडेपाच हजार सह्या

सरकारने १८८१ साली कारखान्यांचा पहिला कायदा केला होता. त्याने सात वर्षांखालील मुलांस कामावर घेण्यास मनाई केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांचे काम नऊ तासांवर आणले. प्रौढ स्त्री-पुरुषांविषयी त्यात अक्षर नव्हते. १८८४ साली मुंबई सरकारने या प्रश्नाच्या चौकशीसाठी मंडळ नेमले.

येथे त्या काळचा एक पेच समजून घेणे अवश्य आहे. हिंदी गिरण्यांवर निर्बंध घालावेत असा आग्रह लँकेशायरचे गिरणीवाले धरीत, आणि त्यांचा हेतू स्वच्छ नव्हता. मुंबईचे कापड महाग व्हावे ही त्यांची इच्छा. त्यामुळे आपल्याकडील अनेक पुढारी व वृत्तपत्रे कारखान्यांच्या कायद्यास विरोधच करीत. सोराबजी शापुरजी बंगाली यांच्यासारखे थोडे सज्जन १८७८ पासून बायकामुलांसाठी कायद्याचा पाठपुरावा करीत होते. परंतु कामगाराविषयी लँकेशायर बोले, मालक बोलत, सरकार बोले. कामगारास स्वतःस काय हवे, हे विचारावयास कोणी गेले नव्हते.

लोखंडे गेले. सप्टेंबर १८८४ मध्ये परळ येथे त्यांनी गिरणीकामगारांच्या सभा घेतल्या आणि तेथे ठरलेल्या मागण्यांचा अर्ज तयार करून त्यावर सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्या घेतल्या. मागण्या पाचच होत्या. दर रविवारी पूर्ण सुट्टी असावी. दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी. काम सकाळी साडेसहास सुरू होऊन सूर्यास्तास थांबावे. मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत हाती यावा. कामावर जखमी झालेल्यास बरा होईतो पूर्ण पगार मिळावा आणि जन्माचा पंगू झाल्यास त्याच्या निर्वाहाची सोय व्हावी.

या मागण्या वाचकांनी पुन्हा एकदा लक्षपूर्वक वाचाव्यात. त्यांत पगारवाढीचा शब्दही नाही. माणसाच्या वेळेची, शरीराची आणि त्यास दिलेल्या वचनाची कदर व्हावी, एवढेच त्यांत मागितले आहे. या कार्याबरोबरच बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन ही संस्था उदयास आली व लोखंडे तिचे अध्यक्ष झाले. हिंदुस्थानातील कामगारांच्या संघटित कार्याचा आरंभ पुष्कळ अभ्यासक येथूनच मानतात. अर्जाचे तात्काळ फळ मात्र काही मिळाले नाही.

१८९० : ऐकून घेण्याचा दिवस

लोखंड्यांनी धीर सोडला नाही. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मी येथे त्यांनी कामगारांची प्रचंड सभा भरविली. दहा हजारांवर माणसे जमली होती. या सभेत दोन स्त्री-कामगारांनी भाषणे केली, ही गोष्ट आमच्या भगिनींनी विशेष लक्षात ठेवावी. ज्या काळी घरातील स्त्री परक्या पुरुषापुढे मान वर करीत नसे, त्या काळी सूतखात्यात राबणाऱ्या दोन स्त्रिया दहा हजारांपुढे उभ्या राहून आपले सुखदुःख बोलल्या, आणि अध्यक्षांनी त्यांस मानाने बोलू दिले. लोखंड्यांच्या सभेत बोलण्याचा अधिकार कोणापर्यंत पोहोचला होता, याचा याहून चांगला दाखला आम्हांस ठाऊक नाही.

साप्ताहिक सुट्टीचा अर्ज या सभेतर्फे गिरणीमालकांच्या संघास धाडण्यात आला आणि १० जून १८९० रोजी मालकांनी ती मागणी मान्य केली. सुट्टीचा वार रविवार. म्हणजे आपल्या खंडोबाचाही वार. मुंबईतील कोणा घाटावरच्या माणसास तो दिवस परका वाटण्याचे कारण नव्हते.

न्यायबुद्धीने हेही सांगितले पाहिजे की, मालकांचे मन वळण्यास इतरही कारणे होती. विलायतेतून दडपण वाढत होते आणि नवा कायदा येणार अशी चिन्हे दिसत होती. परंतु कामगारांच्या तोंडचे म्हणणे त्यांच्यासमोर स्पष्ट शब्दांत मांडलेले नसते, तर सुट्टी हीच त्यांची पहिली गरज आहे हे कोणास कसे कळते ? त्याच वर्षी सरकारने जे चौकशीमंडळ नेमले, त्याच्या मुंबईतील कामात सहायक सभासद म्हणून लोखंड्यांस घेण्यात आले. जो मनुष्य सहा वर्षांपूर्वी अर्ज घेऊन दाराबाहेर उभा होता, तो आता आत बसून प्रश्न विचारू लागला. १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुट्टी व दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती मान्य झाली, स्त्रियांचे काम अकरा तासांवर आले आणि मुलांस कामावर घेण्याचे किमान वय नऊ ठरले. प्रौढ पुरुषांच्या तासांस मात्र १९११ च्या कायद्यापर्यंत मर्यादा पडली नाही.

अखेरची वर्षे

त्यांचे कार्य गिरणीच्या आवारापुरते नव्हते. १८९० सालीच मुंबईतील नाभिक बंधूंची सभा त्यांनी घडवून आणली आणि विधवांचे केशवपन आपण करणार नाही असा ठराव त्या सभेने केला. येथेही पद्धत तीच. केशवपनाविषयी शास्त्री बोलत, सुधारक बोलत. ज्याच्या हाती वस्तरा, त्यास कोणी विचारले नव्हते. लोखंड्यांनी त्यालाच विचारले. ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत हिंदु-मुसलमानांचा भयंकर दंगा झाला, त्यानंतर राणीच्या बागेत सलोख्याची विराट सभा भरविण्यात त्यांनी पुढाकार घेतला. १८९५ साली सरकारने त्यांस रावबहादूर ही पदवी दिली.

१८९६ च्या पावसाळ्याअखेर मुंबईत प्लेगने शिरकाव केला, आणि तोही प्रथम मांडवी भागात, जेथे त्यांनी नोकरी केली होती. भीतीने निम्मी मुंबई गावोगाव पळू लागली. लोखंडे शहरातच राहिले व रोग्यांच्या सेवेत गुंतले. त्या रोगानेच त्यांस गाठले आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी, वयाची पन्नाशीही न गाठता, त्यांनी देह ठेवला.

एक उणीव आणि तिचा बोध

थोरांचे चरित्र सांगताना केवळ आरती ओवाळणे आम्हांस पसंत नाही. लोखंड्यांच्या मिलहँड्स असोसिएशनला सभासदांची नोंदवही नव्हती, वर्गणी नव्हती, निधी नव्हता, लेखी नियमही नव्हते. सारे कार्य एका मनुष्याच्या विश्वासावर चालले होते. कामगारांचा शब्द वर नेणारी वाट तयार झाली खरी, परंतु ती त्यांच्या पायांखालचीच होती. ते गेले आणि वाटेवर गवत उगवले. मुंबईच्या कामगारांस टिकाऊ संघटना उभारण्यास पुढे कित्येक वर्षे लागली.

आज ते गिरणगावही राहिले नाही. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या संपानंतर एकेक भोंगा थांबत गेला आणि गिरण्यांच्या जागी उंच इमारती व बाजार उभे राहिले. भारत सरकारने २००५ साली लोखंड्यांच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीट काढले. ज्याने उमेदीत टपाल खात्यात चाकरी केली, त्याचे चित्र पत्रावर बसले. आपल्या सभासदांची मुले आज बँकांत, रुग्णालयांत, संगणकाच्या कंपन्यांत काम करतात. तेथे वरिष्ठांचा आदेश क्षणात हजारो माणसांपुढे उमटतो. परंतु हाताखालच्या मनुष्याचे खरे म्हणणे वरपर्यंत जाते काय, हा प्रश्न १८८४ इतकाच ताजा आहे. साधने वाढली म्हणून कान वाढतातच असे नाही. आपल्यापैकी जे आज अधिकाराच्या जागी आहेत, त्यांनी आपल्या आणि आपल्या माणसांच्या मध्ये कोणी जॉबर उभा नाही ना, हे अधूनमधून पाहत जावे.

आणि हा प्रश्न आपल्या संघासही लागू आहे. लोखंड्यांपाशी जे नव्हते ते सर्व आपल्यापाशी आहे : नोंदवही आहे, वर्गणी आहे, घटना आहे, दरसालचा अहवालही आहे. त्यांच्यापाशी जे होते ते आपल्यापाशी किती आहे, याचा विचार प्रत्येक कुटुंबाने करावा. वार्षिक सभेत व्यासपीठावरून अहवाल वाचला जातो, टाळ्या पडतात, आणि चहापानानंतर मंडळी घरोघर जातात. शेवटच्या रांगेत बसलेला, भाड्याच्या खोलीत राहणारा सभासद काही बोलतो काय ? शिष्यवृत्तीचा अर्ज नाकारला गेलेल्या मुलाच्या आईस कारण विचारण्याची सोय आहे काय ? बाहेरगावची शाखा केवळ वर्गणी पाठविण्यापुरती आहे, की तिच्या पत्रास उत्तरही मिळते ?

संघाची कीर्ती त्याच्या इमारतीवरून व निधीवरून लोक करतात. संघाचे आयुष्य मात्र त्यातील सर्वांत लहान मनुष्याच्या शब्दास मिळणाऱ्या मानावर ठरते. लोखंड्यांच्या सभेत दोन गिरणीकामगार स्त्रिया बोलल्या व दीड महिन्यात हजारो घरांस रविवार मिळाला. आपल्या येत्या वार्षिक सभेत, जे आजवर कधी बोलले नाहीत अशा दोन सभासदांनी उठून बोलावे आणि कार्यकारी मंडळाने त्यांचे पूर्ण ऐकून घ्यावे. रावबहादुरांच्या स्मृतीस याहून उचित अभिवादन आम्हांस सुचत नाही.